आंब्या-फणसाच्या सावलीत रानगवत लावताना

परड्यात जुना फणस किंवा आंबा असेल तर त्याच्या बुडाशी लॉन लावायचा विचार आधी मनातून काढून टाका. मी दोनदा लावून बघितलं आहे. नर्सरीतून गाद्या आणल्या, माती चाळून पसरली, रोज पाणी घातलं. पहिलं लॉन दिवाळीपर्यंत पिवळं पडलं, दुसऱ्यानं दसरासुद्धा बघितला नाही. नर्सरीवाल्यानं सांगितलं, "फांद्या उतरवा, ऊन येऊ द्या." माझ्या आजोबांनी लावलेल्या फणसाच्या फांद्या गवतासाठी उतरवायच्या, हे मला पटलं नाही. मग मी उलट बाजूनं विचार सुरू केला. बेळगाव जिल्ह्यात, जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एवढी दाट झाडी आहे, तिथं झाडाखालची जमीन उघडी कुठं दिसते? तिथं जे वाढतं ते माझ्या परड्यात का वाढू नये?

खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेच्या गावांत, म्हणजे बेळगुंदी, किणये, उचगाव या पट्ट्यात, बऱ्याच जुन्या घरांमागं अशी सावली असते. पावसाळ्यात तिथल्या तांबड्या मातीचा चिखल पायाला लागून सोप्यापर्यंत येतो आणि उन्हाळ्यात धुरळा उडतो. कंटाळून लोक पेव्हर ब्लॉक बसवतात. ते बसवण्याआधी एक पावसाळा जंगलातल्या झाडांखाली आपोआप वाढणाऱ्या एका रानगवताला देऊन बघा, एवढंच माझं सांगणं आहे.

लॉन सावलीत का मरतं

हे कळलं की पुढच्या चुका टळतात. आपली हरळी आणि बाजारातली बहुतेक लॉनची गवतं उन्हाची आहेत. ऊस आणि मका जसे रणरणत्या उन्हात जोम धरतात, तशीच हरळी. शास्त्रज्ञ या वनस्पतींना सी-४ गटातल्या म्हणतात. उन्हातून साखर बनवायची त्यांची पद्धत जास्त ताकद खाते. भरपूर ऊन असेल तोवर ती परवडते, सावलीत खर्च भागत नाही आणि गवत उपाशी मरतं. वरून कितीही युरिया टाकला तरी ही उपासमार थांबत नाही, कारण कमी पडतो तो उजेड. भात, बांबू आणि आपण ज्या गवताबद्दल बोलतोय ते गवत दुसऱ्या गटातले, सी-३. त्यातही जंगलाच्या तळाशी वाढणाऱ्या गवतांनी पानं रुंद करून थोड्या उजेडावर भागवायची सवय लावून घेतलेली असते.

नर्सरीत सावलीसाठी म्हणून रुंद पानाचं कार्पेट ग्रास मिळतं. ते जगतं, हे खरं. पण ते मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं आहे, आणि आपल्या पायाखालचं सोडून ते विकत आणायचं काही कारण मला दिसत नाही.

गवत ओळखायचं कसं

या गवताचं शास्त्रीय नाव ऑप्लिस्मेनस कंपोझिटस. ऑप्लिस्मेनस या ग्रीक शब्दाचा अर्थ शस्त्रधारी. ती शस्त्रं म्हणजे त्याच्या दाण्यांवरचे बारीक केस, त्यांच्याबद्दल पुढं सांगतो. आमच्या घरात त्याला नुसतं 'सावलीचं गवत' म्हणतात, मीही इथं तेच म्हणतो.

जमिनीवर सरपटणारं, पेरापेराला मुळं सोडणारं हे बारमाही गवत आहे. काडी सुतळीपेक्षा बारीक पण चिवट. सरपटत जाऊन टोकाकडं वर उठते आणि गुडघ्याच्या खालपर्यंत, फुलोऱ्यात असताना जरा जास्त, उंच होते. पान गवताच्या मानानं रुंद, भाल्याच्या पात्यासारखं, बोटभर ते वीतभरापेक्षा थोडं कमी लांब. नीट बघितलं तर पानावर आडव्या हलक्या लाटा दिसतात, जणू ओलं कापड सुकताना चुरमुरलं आहे. फुलोरा आला की ओळख पक्की होते: एका उभ्या दांडीवर एकाच अंगाला कललेले छोटे तुरे, आणि दोन तुऱ्यांमध्ये मोकळी जागा.

नवीन माणूस इथं दोन ठिकाणी फसतो. पहिली फसगत केन्याची. केन्याचं पान कोवळेपणी बरंचसं असंच दिसतं, तोही पेरापेराला मुळं सोडतो. काडी मोडून बघा. केन्याची काडी रसाळ असते, मोडल्यावर बोटांना बुळबुळीत लागते. गवताची काडी कोरडी, कडक. निळं फूल दिसलं की प्रश्नच मिटला, तो केनाच. दुसरी फसगत याच्याच धाकट्या भावाची, ऑप्लिस्मेनस बर्मनी याची. तो जास्त केसाळ, त्याचे तुरे आखूड आणि एकमेकांना चिकटून असतात, आणि मुख्य म्हणजे तो हंगामी आहे. पावसाळा संपला की संपला. परड्यात तो आला तर बिघडत काही नाही, पण उन्हाळ्यात जमीन पुन्हा उघडी पडेल. म्हणून रोपं निवडायची ती शक्यतो आदल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास, फुलोऱ्यावर असताना. जागा हेरून ठेवा आणि काड्या पुढच्या पावसात आणा.

काड्या कुठून आणायच्या

भीमगड अभयारण्यातून किंवा कुठल्याही राखीव जंगलातून काहीही उपटून आणू नका. ते कायद्यानं चालत नाही आणि त्याची गरजही नाही. देवराईतूनही नको, तिथली पानसुद्धा न तोडायची आपल्या लोकांची रीत आहे. हे गवत नारळी-पोफळीच्या बागेत, ओढ्याकाठच्या खासगी शेताच्या बांधावर, जुन्या आमराईत सहज सापडतं. बागेच्या मालकाला विचारा. ते तण म्हणून खुरपून टाकत असतात, तुम्ही मागितलं तर आनंदानं देतील. मी पहिल्या वर्षी लोंढ्याजवळच्या ओळखीच्या बागेतून दोन पोती आणली. वाटेत भेटलेल्या आक्कांनी विचारलं, "गवत काढायचं सोडून लावूलालाय काय ओ?" दोन वर्षांनी त्याच आक्का पिशवी घेऊन काड्या न्यायला आल्या.

नर्सरीत 'बास्केट ग्रास' मागितलं तर पांढऱ्या-गुलाबी पट्ट्यांच्या पानांचं टांगत्या कुंडीतलं गवत पुढं करतात. ते त्याच कुळातलं पण शोभेसाठी निवडलेलं आहे. कुंडीतच छान दिसतं, परड्यासाठी घेऊ नका.

जागा

दुपारी बाराला झाडाखाली उभं राहा आणि जमिनीपासून हातभर उंचीवर पंजा धरा. सावली स्पष्ट, पाचही बोटं वेगळी दिसतात? मग ऊन जास्त आहे, तिथं हे गवत पिवळट आणि खुरटं राहील, हरळीच बरी. पंजाची सावली धूसर, कडा विरघळलेल्या? हीच जागा. सावलीच पडत नसेल इतका अंधार असेल, जसा दाट फणसाच्या अगदी खोडाशी असतो, तर गवत जगेल पण विरळ राहील. खोडाभोवतीचा दोन-तीन हातांचा गोल मोकळाच सोडा. फणस खोडावर धरतो, तिथं तुम्हाला वावरावं लागणारच.

उजेड कमी पडत असेल तर पूर्वेकडची एखादी खालची फांदी काढायला हरकत नाही, सकाळचं तिरपं ऊन या गवताला मानवतं. त्यापलीकडं कुऱ्हाड लावू नका.

निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभळीखाली मी हा प्रयोग सुचवणार नाही. त्यांचा पाला थरावर थर बसून कुजायला वेळ लावतो आणि गवत खाली गुदमरतं. काजूखाली जमतं, पण पाला सारखा उचलावा लागतो.

एक गोष्ट पावसाची. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, कणकुंबीत त्याहून कितीतरी जास्त, आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीत ६०० च्या आत. या लेखातलं सगळं गणित खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागाचं आहे. निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत विहिरीजवळच्या आमराईत लावता येईल, पण उन्हाळ्यात पाणी द्यायची तयारी हवी. अथणी-रायबागकडं या गवताच्या मागं लागू नका.

जमीन तयार करणं

कुदळ वापरायची नाही. आंब्याची आणि फणसाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. ती तोडून गवत लावलं तर झाड एखादा हंगाम रुसतं. खुरप्यानं दोन-तीन बोटं खोल, एवढीच माती मोकळी करा, तीही जिथं काडी लावायची तेवढीच.

वळवाचा एखादा पाऊस होऊन गेला की मे महिन्यात तण काढा. रानमोडी आणि घाणेरीची रोपं मुळासकट उपटा. कडेला उन्हात गाजर गवत असेल तर ते फुलायच्या आत काढा, हातमोजे घालून. पाला जाळू नका. मोठी पानं पायानं किंवा काठीनं चुरडून तिथंच पसरा. कुजलेला पाला म्हणजे पत्र्याखाली एक वर्ष ठेवलेला काळा भुसभुशीत पाला मिळाला तर त्याचा बोटभर थर द्या. जांभ्याची माती पाणी लगेच खाली सोडते, हा थर ओल धरतो.

आणि शेणखत? इथं मी सगळ्यात मोठी चूक केली होती. गवत लवकर भरावं म्हणून पहिल्या वर्षी गोठ्यातलं अर्धकच्चं शेण पाट्याच्या पाट्या पसरलं. ऑगस्टमध्ये जागोजागी गवत हातानं सहज उचललं जाऊ लागलं. खाली हुमणी. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर बाहेर पडतात आणि कच्च्या शेणात, कुजट मातीत अंडी घालायला त्यांना आवडतं, अळ्या मुळं खातात. शिवाय जिथं हुमणी नव्हती तिथं गवत लुसलुशीत आणि लांबट होऊन आडवं पडलं. या गवताला खताची हाव नाही. पूर्ण कुजलेलं, चहापत्तीसारखं झालेलं खत ओंजळभर घातलं तरी पुरे, नसेल तर पाल्यावर भागतं.

लावणी

भाताच्या रोपलावणीला जो काळ, तोच याला. मृग बरसून जमीन वीतभर भिजू द्या, आर्द्रा सुरू झाली की लावायला घ्या. तरणा आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू-पुष्यात, झड लागते, त्यात काड्या आपोआप रुजतात. लावणी ऑगस्टच्या पुढं ढकलली तर मुळं खोल जायच्या आत पाऊस ओसरतो आणि उन्हाळ्यात गवत टिकत नाही.

काड्या सकाळी काढा, ओल्या पोत्यात गुंडाळा, त्याच दिवशी लावा. प्रत्येक तुकड्याला तीन-चार पेरं हवीत आणि शक्यतो एका पेराला आधीच फुटलेली मुळं. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा. फुलोरा असेल तर खुडा. खुरप्यानं तिरकी फट पाडा, दोन पेरं मातीत जातील असा तुकडा जवळजवळ आडवा ठेवा आणि अंगठ्यानं माती दाबा. उभा खोचला तर एकच पेर मातीत जातं. आडव्यात दोन्ही पेरं मुळं धरतात.

एका फटीत दोन तुकडे, दोन फटींत एक वीत अंतर. दहा बाय दहा फुटांच्या जागेला या हिशोबानं पावणेदोनशेच्या आसपास फटी आणि साडेतीनशे तुकडे लागतात. ऐकायला जास्त वाटतं, पण एका भरल्या पोत्यात त्याहून जास्त निघतात. दोघं बसले तर एका सकाळचं काम आहे. एवढी जागा एकदम नको वाटत असेल तर चार-पाच हातांचा तुकडा लावा. पुढच्या वर्षीच्या काड्या त्यातूनच मिळतील.

उतार असेल तर कडेला जुनी कौलं उभी रोवा. आमच्याकडं कौलारू घरं पाडून स्लॅब पडतायत, कौलांचे ढीग गावोगावी पडून आहेत. अर्धं कौल मातीत, अर्धं वर. पाण्याबरोबर पाला आणि माती वाहून जात नाही आणि गवतालाही हद्द कळते.

पहिला पावसाळा

आठ-दहा दिवसांत नवं पान दिसलं की काडी लागली समजा. यानंतर महिनाभर काम एकच, केना आणि टाकळा उपटत राहायचं. गवत लहान असताना केना त्याच्या दुप्पट वेगानं पसरतो. घरातल्या सगळ्यांना गवत आणि केना यांतला फरक एकदा दाखवा. आमच्याकडं कामाला येणाऱ्या कन्नड बाईंना मी 'हुल्लु', म्हणजे गवत, एवढाच शब्द सांगून गेलो होतो. त्यांनी हुल्लु म्हणजे काढायचं असं समजून अर्धा वाफा साफ केला. चूक माझीच, सोबत बसून दाखवायला हवं होतं.

झडीत मोठ्या पानांखाली कोवळं गवत दबतं. फणसाचं एक पान चार पानांना झाकतं. दर रविवारी हातानं वरची पानं उचलून कडेला चुरडून टाका, दाताळं ओढू नका, काड्या उपटून येतात.

कोंबड्या मोकळ्या असतील तर पहिलं वर्ष जाळी लावा. गुरं आणि शेळ्या हे गवत आवडीनं खातात, म्हणून फाटकही बंद ठेवा.

गणपतीनंतर

गौरी-गणपती झाले की फुलोरा येऊ लागतो आणि दिवाळीपर्यंत चालतो. त्या बारीक केसांचं काम आता कळतं. दाणा पिकला की केसांवर चिकट रस येतो आणि शेजारून जाणाऱ्या कुत्र्याच्या अंगाला, साडीच्या काठाला, पँटच्या पायाला दाणे चिकटून निघतात. रानात हे गवत जनावरांच्या अंगावर बसूनच गावं बदलतं. परड्यात मात्र त्रास होतो, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्ट्यातला फुलोरा पिकायच्या आत विळ्यानं कापा. एका कोपऱ्यातला फुलोरा तसाच राहू द्या, मुनिया येतात आणि उरलेले दाणे पुढच्या पावसात मोकळ्या जागा भरतात.

गवत आपल्याकडचं आहे म्हणून ही सूट. याच कुळातलं लाटदार पानाचं एक गवत १९९६ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमध्ये सापडलं आणि तिथल्या जंगलांत असं पसरलं की आज ते उपटायला स्वयंसेवक लागतात. परदेशातल्या नातेवाइकांना हौसेनं दाणे पाठवू नका.

याच दिवसांत पानं कुरतडलेली दिसतील. औषध मारू नका. पान उलटून बघा, हिरवी अळी असेल आणि तिच्या डोक्यावर दोन शिंगं असतील तर ती संध्याकाळी उडणाऱ्या तपकिरी फुलपाखराची, इव्हिनिंग ब्राऊनची. हे फुलपाखरू दिवेलागणीला झाडाखाली घुटमळतं, कधी दिव्याला घरात येतं. पावसाळ्यात जन्मलेल्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्याचे ठिपके जवळजवळ पुसलेले असतात आणि ते बसलं की वाळकं पानच वाटतं. लॉन होतं तेव्हा आमच्या परड्यात मी एकही बघितलं नव्हतं. आता नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाच-सहा तरी पायातून उठतात. पानांना पडलेली भोकं दोन आठवड्यांत नव्या पानांआड जातात.

उन्हाळा

तुळशीचं लग्न लागलं की गवताची वाढ थांबते. जानेवारीपासून वरची पानं पिवळी, मग तांबूस होतात आणि मार्चमध्ये नवखा माणूस ठरवतो की सगळं मेलं. उपटू नका. काडीचं जमिनीलगतचं पेर नखानं खरवडा, आत हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा संध्याकाळी पाणी द्या, चार इंच माती भिजेल इतकं. रोज शिंपडलेलं पाणी वरच्या वर उडून जातं आणि मुळं वरच राहतात. भांडी धुतलेलं साबणाचं पाणी इथं सोडू नका. दुसऱ्या वर्षापासून पंधरा दिवसांनी एकदा पुरतं. परडं ओढ्याजवळ असेल तर तेही लागत नाही.

आंब्या-फणसाची पानगळ या महिन्यांत राहू द्या. तोच पाला ओल धरतो. वळीव पडल्यावर मात्र लगेच जाडसर थर हलका करा, खालून पोपटी कोंब निघत असतात.

मेच्या शेवटी, पहिल्या दोन वळवांनंतर, विळ्यानं सगळं गवत चार बोटांवर छाटा. जुना काडीकचरा निघतो आणि पावसाळ्यात दाट फूट येते. कापलेलं गुरांना घाला किंवा झाडाच्या आळ्यात पसरा. यापेक्षा जास्त वेळा कापायची गरज नाही. गुळगुळीत हिरवळीसारखं ते कधी दिसणार नाही. घोट्याएवढं हलतं हिरवं दिसेल.

चालायला आणि खेळायला हे गवत नाही. रोजच्या पायांनी काड्या तुटतात. वाटेवर शहाबादी फरशीचे तुकडे पावलांच्या अंतरानं टाका. पाणवठ्याजवळच्या परड्यात पावसात जळवा निघतात, सापाची भीती तर सगळ्यांनाच असते. म्हणून दारापासून, न्हाणीपासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून चार हात पट्टा मोकळा ठेवा, आणि रात्री गवतात जायचं तर बॅटरी घेऊनच जा.

तिसऱ्या वर्षी जुन्या भागात मधोमध काड्यांचा गुंता होऊन खाली मुळं सुटतात. असा भाग हातानं ओढला तर चटईसारखा उचलला जातो. तो आर्द्रेत उचला, तुकडे करा, निम्मे तिथंच पुन्हा लावा. उरलेले ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा, दुपारपर्यंत कोणीतरी मागायला येतंच.